हिंगोलीतील लॉज : भूकंपाच्या सकाळचा मुक्काम

औंढा नागनाथाच्या दर्शनासाठी मार्च २०२४ मध्ये आम्ही हिंगोलीतील एका दुमजली लॉजमध्ये उतरलो होतो. खोली स्वच्छ होती, गाद्या बऱ्या होत्या. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे काही नाही. २१ तारखेला सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी ४.५ रिश्टरचा धक्का बसला, तेव्हा पलंग हलला, भरलेल्या बादलीतले पाणी फरशीवर सांडले आणि जमिनीखालून अवजड ट्रक गेल्यासारखा आवाज आला. जिन्याच्या लोखंडी दाराला मात्र रात्रीचे कुलूप तसेच होते. किल्ली शोधण्यात गेलेली दोन मिनिटे अक्षम्य आहेत आणि एक तारा मी केवळ त्यासाठी कापला आहे.

पुढची व्यवस्था मात्र वाखाणण्याजोगी होती. मालकांनी सर्वांना समोरच्या मोकळ्या जागेत आणले, नोंदवही उघडून माणसे मोजली आणि ११ मिनिटांनी ३.६ चा दुसरा धक्का बसल्यावर कोणालाही सामानासाठी वर जाऊ दिले नाही. तोवर सारी गल्ली रस्त्यावर आली होती. १९९३ च्या किल्लारीची आठवण असलेल्या वयस्कर मंडळींनी शेजारच्या पत्र्यांवर दाबून ठेवलेले दगड शिडी लावून उतरवून घेतले. (प्रशासनाचे तसे आवाहन नंतर आले.) लॉजच्या स्वयंपाक्याने रस्त्याकडेला शेगडी मांडून पाहुण्यांसह शेजाऱ्यांनाही चहा दिला, ज्याचे पैसे बिलात लावलेले नव्हते.

दुपारी प्रत्येक खोलीच्या भिंती तपासल्यानंतरच चाव्या परत मिळाल्या. पुन्हा गेल्यास येथेच उतरेन, फक्त जिन्याची किल्ली कोठे असते ते आधी विचारेन.