शिट्टी न वाजणारी टाकी: बेसमेंटमधली तेलाची टाकी बदलल्यानंतरचा पहिला हिवाळा

आधी निकाल सांगून टाकते. टाकी उत्तम आहे आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर हीच घेईन. पण व्हेंट पाइपाच्या (टाकीतली हवा घराबाहेर सोडणाऱ्या पाइपाच्या) तळाशी बसणाऱ्या एका छोट्याशा शिट्टीने ऐन थंडीत आम्हाला जो मनस्ताप दिला, त्याबद्दल कुणीच आधी सांगत नाही. म्हणून हे सगळं लिहिते आहे. न्यू इंग्लंडमध्ये जुनं घर घेतलेली आपली बरीच मंडळी आहेत, आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या बेसमेंटमध्ये आमच्यासारखीच, घर गरम करायच्या तेलाची, 275 गॅलनची जुनी लोखंडी टाकी उभी असणार.

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला राहतो. घर जुनं, टाकी 1970च्या दशकातली. मागच्या सप्टेंबरमध्ये बॉयलरच्या वार्षिक सर्व्हिसला आलेल्या माणसाने टाकीखाली टॉर्च मारला आणि मला खाली बोलावलं. पुढच्या पायाशेजारी, तळाच्या गोलाईवर, लालसर तेलाचा एक थेंब लोंबत होता. फडक्याने पुसला तरी थोड्या वेळाने तिथे पुन्हा ओल दिसायची. बाहेरून टाकीचा रंगसुद्धा उडालेला नव्हता. हेच या टाक्यांचं फसवं आहे, त्या आतून कुजतात. व्हेंटमधून दमट हवा आत येते, थंड पत्र्यावर तिचं पाणी होतं, पाणी तेलापेक्षा जड म्हणून तळाला बसतं आणि गाळासकट वर्षानुवर्षं तिथेच पत्रा खात राहतं. पूर्वीच्या तेलात गंधकही बरंच असायचं, त्यामुळे तळाचं ते पाणी आम्लधर्मी व्हायचं. आमच्या राज्यात 2018पासून फक्त 15 पीपीएम (दहा लाख भागांत 15 भाग) गंधकाचं तेल आलं, पण जुन्या टाकीचं जे व्हायचं ते तोवर होऊन गेलेलं होतं.

त्या माणसाने चुंबकाने चिकटणारा पॅच लावून दिला आणि सांगितलं की हा हिवाळ्यासाठी नाही, टाकी बदलेपर्यंतच्या काही दिवसांसाठी आहे. ते खरंच तसंच घ्यावं. 275 गॅलन म्हणजे हजार लिटरच्या वर तेल. त्यातलं 10 गॅलन जरी सांडलं तरी इथे दोन तासांत राज्याच्या पर्यावरण खात्याला कळवावं लागतं, आणि जमिनीत मुरलं तर साफसफाईचा खर्च टाकीच्या किमतीच्या कित्येक पट होतो. घराच्या साध्या विम्यात ही गळती सहसा धरलेली नसते, ते कव्हर वेगळं मागून घ्यावं लागतं. आपली पॉलिसी काढून बघा. आमच्यात ते नव्हतं, आता आहे.

‘तेल सोडून विजेवर घर गरम करणारा हीट पंप का नाही लावला?’ हे विचारलं जाणारच. आमच्या गल्लीत गॅसची लाइन नाही, घरात गरम हवा खेळवणारे डक्ट नाहीत, भिंतीलगत गरम पाण्याचे बेसबोर्ड हीटर आहेत आणि विजेचं पॅनेल 100 अँपचंच आहे. हे सगळं बदलायचं तर ते काही वर्षांचं काम आहे, आणि थेंब आत्ता पडत होता.

कोटेशनं मागवली. साधी एकपदरी लोखंडी टाकी, जुनी काढून नेण्यासकट, 2,700 डॉलर. दुहेरी भिंतीची, आत प्लॅस्टिक आणि बाहेर गॅल्व्हनाइज्ड पत्रा असलेली, 3,900. नवऱ्याचं म्हणणं होतं की लोखंडी टाकीने जवळपास पन्नास वर्षं काढली, तर बाराशे डॉलर जास्त कशाला घालायचे? मला तो थेंब डोळ्यांसमोरून हलत नव्हता. दुहेरी टाकीत आतली भिंत फुटली तरी तेल बाहेरच्या पत्र्यात अडतं आणि वरच्या निर्देशकातून ते कळतं. शिवाय या टाकीला तळाशी भोकच नसतं, सगळे जोड माथ्यावर. तळाशी जोड नाही, म्हणजे तिथून गळायचा प्रश्नच मिटला. मी हट्ट धरला आणि दुहेरी घेतली.

बसवण्याचं काम एका दिवसात झालं. जुन्या टाकीतलं वरवरचं स्वच्छ तेल पंपाने काढून ठेवलं, तळाचा काळा गाळ वेगळ्या पिंपात भरला, टाकी जागेवरच कापून बल्कहेडच्या (बेसमेंटमधून थेट अंगणात उघडणाऱ्या) दारातून तुकड्यांनी बाहेर नेली. तळाचा तुकडा मी मुद्दाम उलटा करून बघितला. आतून त्यावर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे पडलेले होते, आणि गळणाऱ्या ठिकाणी पत्रा इतका झिजला होता की त्या माणसाने स्क्रू-ड्रायव्हरने टोचला तर आरपार गेला. कापल्याचा वास मात्र आठवडाभर घरात होता, खिडक्या उघड्या ठेवायची तयारी ठेवा. बर्नरपर्यंतची जुनी लाइन फरशीच्या काँक्रीटमधून होती, ती बंद करून नारिंगी वेष्टनाची नवी तांब्याची लाइन भिंतीवरून आणली. इथल्या कायद्याने लाइनला असं वेष्टन किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह लागतोच, आणि विमा कंपनीही तेच विचारते. फायर डिपार्टमेंटचं परमिट होतं, त्यांचा माणूस येऊन बघून गेला, सही झाली. मी उरलेला चेक दिला.

आता शिट्टी. तेलाचा ट्रक भरायला येतो तेव्हा ड्रायव्हर घराबाहेर असतो, त्याला टाकी दिसत नाही. तेल आत शिरलं की टाकीतली हवा व्हेंटमधून बाहेर पडते आणि वाटेत ती शिट्टी वाजवते. शिट्टीची नळी टाकीच्या माथ्यापासून थोडी खाली उतरलेली असते. तेल त्या नळीच्या तोंडाला लागलं की शिट्टी थांबते, ड्रायव्हर तेल बंद करतो. ट्रकचा पंप मिनिटाला 60 गॅलनच्या आसपास तेल ढकलतो. शिट्टी नसेल तर टाकी भरल्याचं ड्रायव्हरला कळणार कसं? तेल व्हेंटमधून अंगणात येईल किंवा दाबाने गेज (तेलाची पातळी दाखवणारा काटा) उडून बेसमेंटमध्ये येईल. म्हणून बहुतेक तेलवाल्यांचा नियम पक्का असतो: शिट्टी नाही तर तेल नाही.

थँक्सगिव्हिंगच्या पुढच्या आठवड्यात आमचं पहिलं तेल यायचं होतं. संध्याकाळी घरी आले तर दाराला चिठ्ठी: ‘नो व्हिसल, नो फिल’. टाकीत पावच्या आसपास तेल, रात्री पारा 15 फॅरनहाइटवर जाणार, आणि सासूबाई साताऱ्याहून आलेल्या. त्यांना आधीच इथली थंडी सोसत नव्हती. थर्मोस्टॅट खाली आणायचा तर त्यांची खोली गार पडते, आणि तसाच ठेवायचा तर तेल कुठवर पुरेल याचा घोर.

तेलवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, टाकीचं काम तुमच्या बसवणाऱ्याचं. बसवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, शिट्टी आहे, ड्रायव्हरला ऐकू आली नसेल. पुन्हा तेलवाल्यांना फोन, तर दुसरा ड्रायव्हर पाठवायला त्यांना वेळ नाही. मी ड्रायव्हरच्या जागी असते तर मीही तेल भरलं नसतं, म्हणून माझा राग त्याच्यावर कधीच नव्हता. राग होता तो बसवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसमधल्या माणसावर. दरवेळी नव्याने सगळी हकिगत विचारायची आणि ‘आमचा माणूस फोन करेल’ म्हणून ठेवून द्यायचं. तो फोन येत नव्हता.

शेवटी मी कोटेशन काढून ओळ न् ओळ वाचलं. त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं: नवा फिल पाइप (ट्रकमधून तेल भरायचा), नवा व्हेंट पाइप, नवा व्हेंट अलार्म. व्हेंट अलार्म म्हणजेच शिट्टी. त्या ओळीचा फोटो ईमेलने पाठवला आणि खाली लिहिलं की आता पुढचं पत्र फायर डिपार्टमेंटला जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस हजर. त्याने व्हेंटचा जोड उघडला, तर आत जुन्याच टाकीची गंजलेली शिट्टी नव्या टाकीवर चढवलेली. तोंड गंजाने बुजलेलं. तपासणीत ती दिसली, पण वाजते की नाही हे तेव्हा कळणार कसं? जुनं तेल त्यांनी माथ्यावरच्या भोकातून सावकाश परत भरलं होतं, फिल पाइपातून जोराने तेल कधी गेलंच नव्हतं.

नवी शिट्टी बसली. जाताना त्याने 185 डॉलरचं सर्व्हिस कॉलचं बिल पुढे केलं. मी सही केली नाही. कोटेशनमधली तीच ओळ दाखवली. आणखी फोनाफोनी झाली, आणि बिल रद्द झाल्याचं लेखी आल्यावरच मी तो विषय सोडला. पैसे तर होतेच, पण ज्या वस्तूचे पैसे एकदा घेतले तीच न बसवता तिच्यासाठी पुन्हा मागणं मला सहन झालं नाही. पुढच्या फेरीला ट्रक आला तेव्हा मी अंगणात उभी राहिले. शिट्टी खणखणीत वाजली, थांबली, ड्रायव्हरने अंगठा दाखवला. तेव्हापासून ट्रक आला की मी खिडकी किलकिली करून ऐकतेच.

डिसेंबरात मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की दुहेरी टाकीच्या भानगडीत पडू नका. कारण एकटी शिट्टी नव्हती. तेल माथ्यावरून ओढायचं म्हणून बर्नरजवळ हवा वेगळी काढणारं डीएरेटर नावाचं एक यंत्र बसवावं लागलं, त्याचे वेगळे पैसे. शिवाय ओढणारी नळी तळापासून थोडी वर थांबते, त्यामुळे शेवटचे काही गॅलन कायमचे टाकीतच राहतात. 2022 साली इथे तेल गॅलनला 5 डॉलरच्याही वर गेलेलं आपण सगळ्यांनी बघितलं आहे. असं विकत घेतलेलं तेल न वापरता पडून राहणं मला फार लागत होतं.

मार्चनंतर मत बदललं. जुन्या टाकीवर दर हिवाळ्यात एकदा तरी बर्नर लॉकआउट व्हायचा, म्हणजे आपोआप बंद पडायचा, आणि पहाटे खाली जाऊन लाल बटण दाबावं लागायचं. यंदा एकदाही नाही. एप्रिलमध्ये फिल्टर उघडला तर आत तेलाचा लाल रंग स्वच्छ दिसत होता. पूर्वी त्यातून काळा चिखल निघायचा. तळाला जे थोडं तेल राहतं, त्याच्या खालीच पाणी आणि गाळ बसणार, आणि नळी वर असल्यामुळे तो बर्नरकडे जात नाही. त्या काही गॅलनची किंमत मी आता मनातून काढून टाकली आहे.

आणि वास गेला. हे मी अजिबात धरलेलं नव्हतं. गणपतीच्या मखराचं सामान, समया, आरास आम्ही बेसमेंटमध्येच ठेवतो, आणि दर भाद्रपदात पडदे धुऊन वाळवूनही त्यांना तेलाचा वास राहायचा. या महिन्यात खोके उघडून बघितले. धुतलेल्या पडद्यांना नुसता साबणाचा वास होता.

गेजबद्दल थोडंसं: माथ्यावर आहे, आमचं छत बुटकं आहे, त्यामुळे स्टुलावर चढून बघावं लागतं. फोनवर पातळी दाखवणारे सेन्सर मिळतात, ऑक्टोबरच्या आत एक लावणार आहे.

टाकी बदलणार असाल तर माझं ऐका. उरलेल्या रकमेतले काही पैसे पहिलं तेल भरेपर्यंत देऊ नका आणि हे कोटेशनवरच लिहून घ्या. जमलं तर तेलाचा ट्रक टाकी बसवण्याच्या दिवशीच बोलवा, म्हणजे शिट्टी बसवणाऱ्याच्या समोर वाजेल. टाकी जवळपास रिकामी असताना काम काढा, मे-जून उत्तम, जुनं तेल हलवण्याचा खर्च वाचतो. आणि पुढेमागे तेल सोडून हीट पंपावर गेलात, किंवा टाकीची जागा बदललीत, तर भिंतीबाहेरचा जुना फिल पाइप झाकण लावून तसाच ठेवू देऊ नका. चुकीच्या पत्त्यावर आलेल्या ट्रकने असल्या पाइपातून टाकी नसलेल्या बेसमेंटमध्ये तेल ओतल्याच्या घटना या भागात घडलेल्या आहेत. पाइप पूर्ण काढायला लावा, भोक सिमेंटने बुजवून घ्या, आणि ते झाल्याशिवाय चेक देऊ नका.