मागावरची कविता: अभंगात की मुक्तछंदात?

सोलापुरातल्या यंत्रमागावर कविता लिहायची, तर साचा कोणता घ्यावा? मी दोन्ही करून पाहिले.

मोठ्या अभंगात अक्षरं 6-6-6-4, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात:

रात्र उभी दारी । माग खडखडे ।
धोटा दोहींकडे । झोप नाही ॥

इथे निम्मं काम आवाजच करतो. ‘खडखडे’मध्ये ख आणि ड दोनदा आपटतात, म्हणून माग वेगळा वर्णावा लागत नाही. धोटा म्हणजे मागात आडवा धागा इकडून तिकडे नेणारा तुकडा; यमकही तसंच परत येतं. खरी गंमत चौथ्या चरणात: दोन अक्षरं कमी, यमक नाही, श्वास तुटतो. ‘झोप नाही’ हे कान आधी ऐकतो, अर्थ मागून येतो. रात्र ‘उभी’ राहिली, तेवढंच चेतनगुणोक्तीचं (निर्जीवाला सजीव मानण्याचं) देणं. अडचण एकच, यमकासाठी नको तो शब्द ओढून आणण्याचा मोह. (माझ्या वहीत अशा ‘गडे’ची रांग आहे!)

मुक्तछंदात:

आजीच्या तळहातावर
एक चादर
अर्धीच विणलेली.

ठेका नाही, यमक नाही. भार सगळा रूपकावर. हातावरच्या रेषा म्हणजे ताणा-बाणा, कापडाचे उभे-आडवे धागे, पण ‘सारखा’, ‘जणू’ असा शब्द कुठेच नाही. तो जोडायचं काम वाचकाचं. ‘रेषा चादरीसारख्या’ लिहिलं असतं तर उपमा झाली असती आणि हात मऊ पडला असता. ओळ कुठे तोडायची, एवढाच इथला ताल.

मोठ्याने म्हणायची असेल तर मी अभंगच घेईन. शाहीर राम जोशींच्या गावात, सोलापुरात, कान तयार असतात. आजीवर लिहिताना मात्र ठेका मला आड येतो.