बायोडायनॅमिक पेरणी कॅलेंडर: छपाई झकास, बाकी बघा बुवा
चंद्र कुठल्या राशीत त्यावरून मूळ-दिवस, पान-दिवस, फूल-दिवस, फळ-दिवस (ज्या पिकाचा जो भाग खायचा ते त्या दिवशी पेरायचं) असं हे कॅलेंडर, बायोडायनॅमिक शेतीचं, म्हणजे चंद्र-ग्रह बघून करायच्या सेंद्रिय शेतीचं मूळ म्हणजे ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनरची १९२४ ची लेक्चर्स. कागद जाड, नोंदी लिहायला जागा भरपूर. पण मागच्या पानावर म्हणे चंद्राच्या गुरुत्वाकर्षणाने रोपातला रस वर चढतो, अहो कुंडीभर मातीत कसली भरती-ओहोटी! झाडाला कळतं ते पृथ्वीचं, मुळाच्या टोकाच्या पेशींत स्टार्चचे जड कण तळाशी बसतात आणि त्यावरून मूळ खाली वळतं, थॉमस नाइट या इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञाने तर १८०६ मध्येच फिरत्या चाकावर बिया रुजवून बघितलेलं, चाकाच्या बाहेर ढकलणाऱ्या जोरालाच गुरुत्वाकर्षण समजून मुळं बाहेरच्या बाजूला गेली. माझी मेथी मूळ-दिवशी पेरलेली आणि पान-दिवशीची सारखीच आली. नोंदवही म्हणून घ्या, तीन स्टार, फक्त खिळ्याला अडकवायचं भोक लगेच फाटतं.