ताशी दर कमी, तास मात्र भरमसाट

ओहायोतील एका लहान विमानतळावर आम्हा काही मराठी मित्रांचे भागीदारीतले सेसना १७२ हे चार आसनी छोटे विमान उभे असते. अमेरिकेच्या नियमांनुसार त्याची दर १२ महिन्यांनी वार्षिक तपासणी करावी लागते आणि तिच्यावर सही करण्याचा अधिकार साध्या मेकॅनिकला नसून ‘आयए’ ही तपासणीच्या अधिकाराची खास मान्यता असलेल्यालाच असतो. नेहमीचे आयए निवृत्त झाल्यामुळे आम्ही शेजारच्या विमानतळावरील एका कार्यशाळेत विमान दिले. तिथला मजुरीचा ताशी दर आसपास सर्वांत कमी होता, आणि गोम तिथेच होती.

इंजिनावरचे आवरण, आसने, तपासणीची झाकणे असे सगळे उघडून झाल्यावर फोन आला की दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन गेले आहे, ते बदलल्याखेरीज सही होणार नाही. या चाचणीत ८० पौंड दाबाने हवा सोडून सिलिंडर किती दाब धरतो ते पाहतात. आमचे आकडे ५८ आणि ६१ आले होते. मात्र ही चाचणी इंजिन चालवून ते गरम असतानाच करायची असते आणि आमचे विमान कित्येक दिवस हँगरमध्ये थंडगार पडून होते. गरम इंजिनावर पुन्हा चाचणी करा म्हटले, तर ‘आता सगळे उघडले आहे’ हे उत्तर तयारच होते. विमानाच्या देखभालीच्या नोंदी असलेली लॉगबुकेही त्यांच्याच कपाटात होती. अडला हरी, दुसरे काय. आम्ही होकार दिला.

बिलात प्रत्येक सिलिंडरमागे मजुरीचे १४ तास लावले होते. त्यांत एक्झॉस्ट उतरवणे, बॅफलचे (इंजिन थंड ठेवण्यासाठी हवा वळवणारे) पत्रे सोडवणे, शेवटी इंजिन चालवून पाहणे ही एकदाच होणारी कामे दोनदा धरली होती आणि इंजिनावरचे आवरण काढण्याचे तासही पुन्हा लावले होते, जे तपासणीच्या ठरलेल्या शुल्कातच आधी निघाले होते.

वास्तविक विमान नापास केल्यास दोषांची सही-तारखेसह यादी मालकाला देणे आयएवर बंधनकारक असते. सिलिंडर बदलण्यासारखे काम दुसरा ए अँड पी (विमानाचा सांगाडा व इंजिन यांच्या दुरुस्तीचा) परवानाधारक मेकॅनिकही करू शकतो आणि गरज पडल्यास तिथवर विमान नेण्यासाठी एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेकडे विशेष उड्डाण परवानगी मागता येते. हे आम्हाला त्यांनी सांगितले नाही, आणि ते सांगतील तरी कशाला?

हरकत घेताच दुबार धरलेले तास मुकाट्याने वजा झाले. सिलिंडरांचे पैसे मात्र बुडाले, कारण दुसऱ्या मेकॅनिकला दाखवण्यासाठी जुने सिलिंडर मागितले तेव्हा ते भंगारात गेल्याचे कळले. लेखी मंजुरीशिवाय दुरुस्ती सुरू करू नये आणि काढलेला प्रत्येक भाग परत द्यावा, असे विमान सोपवतानाच लिहून घ्यावे. लॉगबुकांच्या छायाप्रतीच द्याव्यात आणि मूळ लॉगबुके शेवटच्या नोंदीपर्यंत स्वतःजवळ ठेवावीत.