लिब्रेऑफिसला कोड पाठवायचा अनुभव (दिवाळीपासून करतोय, पोस्ट लांब आहे)

गेल्या दिवाळीपासून लिब्रेऑफिस या मोफत, ओपन सोर्स ऑफिस सॉफ्टवेअरच्या कोडमध्ये छोटे छोटे बदल पाठवतोय, त्यातले बरेच मर्ज (मुख्य कोडमध्ये दाखल) पण झालेत, तर म्हटलं एकदा नीट लिहून टाकू, कुणाला सुरू करायचं असेल तर उपयोग होईल. पहिली गोष्ट म्हणजे गिटहब या कोडच्या साइटवर फोर्क करायचं (आपली प्रत घ्यायची) आणि पुल रिक्वेस्ट (माझा बदल घ्या अशी विनंती) टाकायची ही सवय इथे चालत नाही. गिटहबवर त्यांचा कोड दिसतो पण ती फक्त कॉपी आहे, तिथे टाकलेली पुल रिक्वेस्ट घेतली जात नाही. खरं काम जेरिट या बदल तपासायच्या (रिव्ह्यूच्या) साइटवर चालतं. आणि पहिल्या पॅचच्या (पाठवलेल्या बदलाच्या) वेळी एक लायसन्सचा मेल पाठवावा लागतो, की माझं आत्ताचं आणि पुढचं सगळं योगदान एमपीएल आणि एलजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सखाली वापरायला माझी परवानगी आहे. दोन ओळींचा मेल आहे, टाळू नका.

बिल्डबद्दल, म्हणजे कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर बनवण्याबद्दल, स्पष्टच सांगतो. साध्या लॅपटॉपवर पहिला बिल्ड कित्येक तास खातो, रॅम १६ जीबी असेल तरच सुखाने होतं, आणि डिस्कवर भरपूर जागा लागते. मी रात्री जेवण झालं की लावून द्यायचो. सीकॅश (आधी बनलेले भाग साठवून ठेवणारं टूल) आधीच टाकून ठेवा, पुढचे बिल्ड खूप पटकन होतात, आणि एकच मॉड्यूल पण बिल्ड करता येतं. चांगली गोष्ट म्हणजे इन्स्टॉल करायची गरज नाही, इन्स्टडिर नावाच्या फोल्डरमधूनच आपलं बिल्ड चालतं, रोजच्या वापरातल्या लिब्रेऑफिसला धक्का लागत नाही.

कोड जुना आहे, आणि किती जुना ते कळलं की वाचायला सोपा जातो. १९८५ मध्ये जर्मनीत स्टारडिव्हिजन कंपनी निघाली, तिचं स्टारऑफिस १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टीम्स या कंपनीने घेतलं, त्यातून ओपनऑफिस, आणि २०१० मध्ये त्यातून वेगळं होऊन लिब्रेऑफिस. म्हणून रायटरचं (लिखाणाचा भाग) फोल्डर एसडब्ल्यू (स्टाररायटर) आणि कॅल्कचं (स्प्रेडशीटचा भाग) एससी (स्टारकॅल्क). कोडमधल्या जर्मन कॉमेंट इंग्रजीत करायचं काम तर लोकांनी वर्षानुवर्षं केलंय. व्हेरिएबलच्या नावापुढे एन असेल तर आकडा, बी असेल तर हो-नाही, पी असेल तर पॉइंटर, एवढं लक्षात ठेवलं की अर्धी भीती जाते.

नवख्यांसाठी बगझिलामध्ये (बगची नोंद ठेवायची साइट) ईझी हॅक म्हणून खूण केलेली कामं असतात. मी घेतलं ते साल-यूलाँग नावाचा जुना टाइप (आकडा किती जागेत साठवायचा ते ठरवणारा प्रकार) काढून योग्य टाइप घालायचं. ऐकायला फाइंड-रिप्लेस वाटतं पण तसं अजिबात नाही, कारण हा टाइप ३२ बिट मशीनवर ४ बाइटचा आणि ६४ बिटवर ८ बाइटचा. प्रत्येक ठिकाणी बघावं लागतं की हा आकडा कशाचा आहे, नुसती यादीतली मोजणी असेल तर साइझ-टी हा टाइप चालतो, पण तोच आकडा फाइलमध्ये लिहिला जात असेल तर त्याची लांबी ठरलेलीच हवी, नाहीतर जुनी फाइल उघडताना पुढचं सगळं सरकतं. माझ्या एका पॅचवर रिव्ह्यू करणाऱ्याने एवढंच विचारलं होतं की ही व्हॅल्यू पुढे कुठे जाते? ते शोधायला मी तीन-चार फाइलींमधून मागे मागे गेलो आणि त्या एका प्रश्नातून मला रायटरची आतली रचना जेवढी कळली तेवढी कुठल्याच डॉक्युमेंटमधून कळली नव्हती. मला विचाराल तर या सगळ्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हा रिव्ह्यूच आहे.

जेरिटमध्ये एक कमिट म्हणजे एक बदल. रिव्ह्यूमध्ये काही सुचवलं तर नवीन कमिट जोडायचं नाही, त्याच कमिटला अमेंड करायचं (तेच सुधारायचं), खाली चेंज-आयडीची (त्या बदलाची ओळख) ओळ असते ती तशीच ठेवायची, मग पानावर पॅचसेट २, पॅचसेट ३ असं दिसत जातं आणि दोन पॅचसेटमध्ये नेमकं काय बदललं तेही बघता येतं. सुरुवातीला हे जड वाटतं, पण आता मला पुल रिक्वेस्टमधली फिक्स टायपो, फिक्स अगेन अशी कमिटांची रांग बघवत नाही. कमिटच्या मेसेजमध्ये पहिल्या ओळीत टीडीएफ (नंबरच्या आधी लावायची खूण) आणि बगचा नंबर, मग एक ओळ मोकळी, मग का केलं ते. काय केलं ते डिफमध्ये (जुन्या-नव्या कोडमधला फरक) दिसतंच, का केलं ते लिहा.

पॅच टाकला की जेन्किन्स (आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणारी यंत्रणा) तो लिनक्स, विंडोज, मॅक सगळीकडे बांधून बघतो. लाल आलं तर घाबरू नका, आधी लॉग उघडा, कधीकधी आपल्या बदलाशी संबंध नसलेली टेस्ट पडलेली असते, रीबेस करून (आपला बदल ताज्या कोडवर बसवून) परत चालवली की हिरवी होते. रिव्ह्यूला वेळ लागू शकतो, लोकांच्या हातात आधीच भरपूर कामं असतात. आठवडाभर काही हललं नाही तर आयआरसीवर (त्यांच्या चॅटवर) नम्रपणे विचारावं, वाईट कुणी वाटून घेत नाही.

मर्ज झालेला बदल मास्टरमध्ये (मुख्य कोडमध्ये) जातो आणि तिथून पुढच्या मोठ्या रिलीजमध्ये, साधारण वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या आसपास. बगफिक्स आधी हवा असेल तर चेरीपिक करून (तेवढाच बदल उचलून) रिलीज ब्रँचवर (त्या रिलीजच्या वेगळ्या कोडवर) टाकतात, तिथे परत रिव्ह्यू होतो.

आणि ज्यांना सी प्लस प्लस येत नाही त्यांनीही मागे राहू नका. देवनागरी मजकूर इथे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट या गटात येतो, त्याचा फॉन्ट इंग्रजीपासून वेगळा सेट होतो, त्यामुळे मराठी-इंग्रजी मिसळलेल्या फाइलीत जे घोळ दिसतात ते फक्त आपल्यालाच दिसतात, ज्याला र्‍य आणि रय यातला फरकच माहीत नाही त्याला ते दिसणार कसे? असा घोळ दिसला की छोटी सॅम्पल फाइल, स्क्रीनशॉट, फॉन्टचं नाव आणि व्हर्जन टाकून बगझिलावर नोंद करा. पूर्वी नीट चालायचं हे माहीत असेल तर तेही लिहा, कारण त्यांच्याकडे जुन्या बिल्डचे साठे आहेत, बिबायसेक्ट म्हणतात त्याला, त्यावरून कुठल्या कमिटपासून बिघडलं ते शोधता येतं. ते करायलाही कोड लिहावा लागत नाही, फक्त बिल्ड चालवून बरोबर की चूक एवढं सांगत जायचं. कुणी करणार असाल तर खाली लिहा, सेटअपला मी मदत करतो.