वेस्टर्ली सेंटॉर: राहण्यासाठी घेतलेल्या जुन्या शिडाच्या बोटीचे परीक्षण

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील एखाद्या खाडीत ओहोटीच्या वेळी चिखलावर सरळ उभी राहिलेली, उंच कडांची आणि थोडीशी बेढब अशी शिडाची बोट दिसली, तर ती वेस्टर्ली सेंटॉर असण्याची शक्यता बरीच असते. लॉरेंट जाइल्स या नामांकित संस्थेने आरेखन केलेल्या या २६ फुटी फायबरग्लास बोटीचे उत्पादन १९६९ ते १९८० या काळात पोर्टस्मथजवळच्या वॉटरलूव्हिल येथे झाले आणि २,४०० हून अधिक बोटी तेथून बाहेर पडल्या. ती बांधणारी वेस्टर्ली कंपनी आज अस्तित्वात नाही. बोटी मात्र आहेत, आणि जुन्या बाजारात त्या काही हजार पौंडांत, कधी त्याहूनही कमी पैशांत मिळतात. ब्रिटनमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हा उभयतांनी अशीच एक सेंटॉर घेऊन ती राहण्याजोगी केली. हे परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले आहे आणि ते नव्या वस्तूचे नसून पन्नाशीच्या आसपास पोहोचलेल्या वस्तूचे आहे, हे लक्षात ठेवूनच ते वाचावे.

आमचे मत प्रारंभीच नोंदवतो. किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणाऱ्या एका व्यक्तीला किंवा सामंजस्याने राहणाऱ्या दोघांना घर म्हणून ही बोट उत्तम आहे. शिडाची बोट म्हणून ती साधारण आहे. आणि तिची खरेदीची किंमत हा एकूण खर्चातील सर्वांत लहान आकडा असतो.

सेंटॉरचे वैशिष्ट्य तिच्या दुहेरी कीलमध्ये, म्हणजे तळाखाली पाण्यात उतरणाऱ्या वजनदार पात्यांमध्ये, आहे. एका खोल कीलऐवजी तळाच्या दोन्ही बाजूंना एकेक आखूड कील असल्यामुळे तिला जेमतेम तीन फूट पाणी पुरते आणि पाणी ओसरले की ती दोन पायांवर उभी राहावी तशी सरळ उभी राहते. कोकणातल्या खाड्यांमध्ये ओहोटीला कुशीवर कलंडलेल्या होड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको. बोटीवर राहणाऱ्याच्या दृष्टीने याचे महत्त्व आणखी मोठे आहे, कारण बारमाही खोल पाण्याच्या मरीनातील (खासगी नौकांच्या बंदरातील) जागा महाग असते आणि ओहोटीला कोरडी पडणारी जागा तिच्या मानाने फारच स्वस्त. दिवसातून दोनदा पाणी निघून जाते. त्या वेळेत चूल पेटवता येते, झोपता येते, टेबलावरचा चहाचा पेला जागचा हलत नाही. भांगाच्या दिवसांत भरती कमी चढते, तेव्हा उधाणाला शिरलेली बोट काही दिवस चिखलातच अडकून राहू शकते. म्हणून कॅलेंडरशेजारी भरती-ओहोटीचा तक्ता लावणे आवश्यक ठरते.

तथापि जे वैशिष्ट्य तेच या बोटीचे सर्वांत नाजूक ठिकाण आहे. कील जेथे तळाला बोल्टांनी जोडलेल्या असतात तेथे, बोट दरवेळी जमिनीवर टेकताना मोठा ताण येतो. चिखल मऊ असेल तर तो ताण सोसवतो; पण कडक वाळूवर लाटांच्या माऱ्यात बोट पुनःपुन्हा आपटत राहिली, तर जोडाभोवतीचे फायबरग्लास लवू लागते आणि त्यात बारीक चिरा पडतात. हा सेंटॉरचा सर्वज्ञात दोष आहे आणि खरेदीपूर्वी तपासायची पहिली गोष्टही हीच आहे. बाकांखालच्या फळ्या उचलून, विजेरी घेऊन, जोडाच्या वरचा भाग आतून पाहावा. गंजाचे ओघळ, ओल किंवा जाळीसारख्या चिरा दिसल्यास किंमत कमी करून मागावी नाहीतर सरळ परत फिरावे. यावरचा इलाज अवघड नसला तरी कष्टाचा आहे: जोडाच्या वर आडव्या पट्ट्या बसवून त्यांवर काचतंतूचे कापड आणि एपॉक्सी या घट्ट होणाऱ्या राळेचे थर चढवायचे, जेणेकरून ताण मोठ्या क्षेत्रावर विभागला जाईल. हे काम पूर्वीच्या मालकाने नीट करून घेतलेले असेल, तर ती बोट पाचशे पौंडांनी महाग असली तरी तीच घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. बाकीचा तळ मात्र दणकट आहे. त्या काळी वेस्टर्लीच्या बोटी लॉइड्स या जहाजांची तपासणी करणाऱ्या संस्थेच्या देखरेखीखाली बांधल्या जात आणि फायबरग्लासच्या जाडीत काटकसर केलेली दिसत नाही.

यानंतर डोलकाठी आणि तिला धरून ठेवणाऱ्या तारा. पोलादी तारांचे वय सुमारे दहा वर्षे मानले जाते आणि अनेक विमा कंपन्या त्याहून जुन्या तारांवर विमा देण्यास कां-कूं करतात. सेंटॉरमध्ये तारांइतकेच लक्ष त्या जेथे डेकला अडकवलेल्या असतात त्या यू-बोल्टांकडे द्यावे लागते. वरून चकाकणारा बोल्ट डेकच्या जाडीत, जेथे हवा पोहोचत नाही आणि खारे पाणी साचून राहते तेथे, खंगलेला असू शकतो. ते काढून अधिक जाडीचे नवे बसवणे हे एका सुटीच्या दिवसाचे काम आहे आणि डोलकाठी पडण्याच्या मानाने त्याचा खर्च नगण्य आहे. शिडांबद्दल फार लिहीत नाही. जुनी शिडे धुऊन, शिवण पक्की करून काही काळ चालतात.

तळाला पाडलेल्या भोकांवरचे झडप-नळ हा विषय कंटाळवाणा असला तरी टाळता येत नाही. साध्या पितळी नळातील जस्त समुद्राच्या पाण्यात हळूहळू निघून जाते, उरलेला धातू गुलाबीसर आणि सच्छिद्र होतो आणि एके दिवशी हलक्या धक्क्याने तुटतो. कांस्याचे, जस्त न सोडणाऱ्या खास पितळाचे किंवा संमिश्र प्लास्टिकचे नळ बसवावेत. पाण्याबाहेर काढलेल्या बोटीचे यार्डाचे (बोटदुरुस्तीच्या आवाराचे) भाडे दिवसागणिक वाढत असते, त्यामुळे कील, नळ आणि तळाचा रंग ही कामे एकाच खेपेत आटोपणे शहाणपणाचे आहे. आमच्या यार्डात सांगितलेली तारीख आणि प्रत्यक्ष क्रेन येण्याची तारीख यांचा संबंध सैल होता. तेवढा उशीर प्रत्येक अंदाजपत्रकात धरावा.

इंजिनाचा निर्णय बोटीच्या अर्थकारणाचा कणा आहे. अनेक सेंटॉरमध्ये मूळचे व्होल्वो पेंटाचे एमडी२बी हे दोन सिलिंडरांचे, २५ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन होते. ते जड, आवाज करणारे, थेट समुद्राच्या पाण्याने थंड होणारे आणि आपल्या पिढीच्या मानाने अतिशय चिवट असे यंत्र आहे. पण खाऱ्या पाण्याने आतून पोखरलेले इंजिन किती दिवस साथ देईल, हे बाहेरून कळत नाही, आणि सुटे भाग महाग झाले आहेत. ग्लॉस्टरशरमधील बीटा मरीन ही कंपनी कुबोटाच्या गाभ्यावर बांधलेली लहान डिझेल इंजिने पुरवते आणि सेंटॉरमध्ये तीच बसवलेली वारंवार आढळतात. नवे इंजिन, ते बसवण्याची मजुरी, शाफ्ट आणि पंखा यांची बेरीज बोटीच्या किमतीपेक्षा जास्त होते. याचा सरळ अर्थ असा की, ज्या बोटीत हे काम झालेले आहे ती दुप्पट किमतीला घेतली तरी स्वस्त पडते.

आता आतल्या भागाकडे येऊ, कारण राहणाऱ्याचे आयुष्य तेथे जाते. सेंटॉरची रुंदी ८ फूट ५ इंच असून मुख्य खोलीत साधारण उंचीच्या माणसाला ताठ उभे राहता येते. २६ फुटांच्या बोटीत, तेही त्या काळात, ही चैन होती. मधोमध दार लावता येईल असा स्वतंत्र शौचकक्ष आणि त्यापलीकडे नाळेत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकात, दोघांची झोपण्याची जागा आहे. जाहिरातींत पाच-सहा जणांच्या झोपण्याची सोय सांगितली जात असे. प्रत्यक्षात दोघांनी राहायचे ठरवले की उरलेल्या सर्व जागा सामान ठेवण्यासाठीच लागतात. मांडणीचे एकाहून अधिक प्रकार निघाले होते. राहण्यासाठी, ज्यात ओटा जिन्याजवळ आहे तो प्रकार आम्हाला बरा वाटला, कारण फोडणीचा धूर थेट वर निघून जातो. मराठी घरात हा मुद्दा गौण नाही.

आतील सर्वांत मोठे काम छताचे. त्या काळी छताला आणि भिंतींना फोमची पाठ असलेले रेक्झिन चिकटवले जाई. तो फोम कालांतराने कुजून त्याची पूड होते आणि रेक्झिन पिशवीसारखे खाली लोंबू लागते. वेस्टर्लीच्या मालकांमध्ये हा थट्टेचा विषय आहे, पण जुना फोम खरवडण्याचे काम थट्टेचे नाही: चिकट, तपकिरी भुकटी केसांत, श्वासात आणि जेवणात जाते, म्हणून चांगल्या प्रतीचा मास्क अनिवार्य आहे. ही आपत्ती खरे तर संधी आहे. छत उघडे पडले की खिडक्यांचे गळके जोड आणि डेकवरच्या प्रत्येक बोल्टची बूड दिसते. ते सर्व काढून नव्या सीलंटने बसवावे, आणि मगच पाणी न शोषणाऱ्या बंद पेशींच्या फोमचा उष्णतारोधक थर द्यावा. हा थर न देता नुसते नवे कापड चिकटवणारे लोक दुसऱ्या हिवाळ्यात पस्तावतात. दोन माणसांचा श्वास, भाताची वाफ आणि वाळत घातलेले कपडे यांतून निघालेली वाफ थंड फायबरग्लासवर साचते, गादीखाली ओल धरते आणि बुरशी येते. गाद्यांखाली जाळीदार चटई घालून हवा खेळती ठेवणे हा स्वस्तातला उपाय आहे.

उष्णतेसाठी डिझेलवर चालणारा, धूर बाहेर सोडणारा हीटर घ्यावा. गॅसची उघडी शेगडी खोली तापवते खरी, पण जळताना पाण्याची वाफ सोडते आणि हवा कोंदट करते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तळात साचतो; म्हणून सिलिंडर बाहेरच्या बाजूला, समुद्रात निचरा होणाऱ्या बंद कप्प्यातच असावा आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र असावे. येथे पैसे वाचवू नयेत.

विजेच्या बाबतीत लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचे कौतुक रास्त आहे: शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त वीज काढली की तिचे आयुष्य घटते, लिथियममध्ये बहुतांश वीज वापरता येते. परंतु ती इंजिनाच्या अल्टरनेटरला (इंजिनावर वीज निर्माण करणाऱ्या यंत्राला) थेट जोडल्यास इतका प्रवाह ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो, त्यामुळे मध्ये नियंत्रक चार्जर हवाच. शिवाय शून्य अंशाखाली ती चार्ज करता येत नाही. सौर तक्ते मे ते ऑगस्टमध्ये दोघांची गरज भागवतात. डिसेंबरमध्ये, आठ तासांच्या फिकट दिवसात, त्यांच्यावर विसंबणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय. किनाऱ्यावरच्या विजेची जोडणी असलेली जागा हिवाळ्यापुरती तरी शोधावी.

पाण्यात ती कशी चालते? वारा बाजूने किंवा मागून असेल तर समाधानकारक. वारा तोंडावर असताना मात्र दुहेरी कीलमुळे ती खोल कीलच्या बोटींपेक्षा बाजूला अधिक सरकते आणि आखूड, उंच लाटांत अडखळते. वजन सुमारे तीन टन असल्यामुळे ती बिचकत नाही, पण त्यात घरसंसार भरला की पाण्यात खाली बसते आणि आणखी मंदावते. पुस्तके, तांदळाची पोती आणि प्रेशर कुकरचे तीन आकार यांपैकी काय ठेवायचे, हा प्रश्न प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला पुन्हा विचारावा लागतो. इंग्लिश खाडी अनुकूल हवामान पाहून ओलांडायला ती योग्य आहे. महासागर ओलांडायचा असेल तर दुसरी बोट पाहावी.

सुट्या भागांची आणि माहितीची चणचण भासत नाही, हा मोठा गुण अखेरीस नोंदवायला हवा. वेस्टर्लीच्या मालकांची संघटना आजही कार्यरत आहे. एवढ्या बोटी निघाल्यामुळे तुमची अडचण याआधी कोणीतरी सोडवलेली असते. याच साच्यातून निघालेल्या पेम्ब्रोक आणि चीफटन या बोटीही पाहाव्यात. पहिलीला एकच कील आहे, दुसरीत मागे स्वतंत्र खोली आहे, आणि ज्यांच्याकडे पाहुणे वारंवार येतात त्यांनी चीफटनचा विचार आधी करावा. बोट पाहायला जाताना शक्यतो पावसाच्या दुसऱ्या दिवशी जावे आणि नव्या गाद्या-पडद्यांकडे न पाहता खिडक्यांखालचे कप्पे हाताने चाचपावेत.