रोज एक ग्लास, शनिवारी चार, की अजिबात नाही?

साखर काठावर आलेली, ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) वाढलेले आणि घरात मधुमेहाचा इतिहास असलेली चाळिशीतली स्त्री जेव्हा ‘घ्यायचीच तर काय घेऊ?’ असे विचारते, तेव्हा चर्चा बहुधा वाइन की बिअर यावरच अडून राहते. चयापचयाला मात्र बाटलीवरच्या नावापेक्षा आतल्या अल्कोहोलच्या ग्रॅमशी अधिक कर्तव्य असते. साडेबारा टक्क्यांच्या वाइनच्या 150 मिलिलिटरमध्ये सुमारे 15 ग्रॅम, व्हिस्कीच्या 60 मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे 20 ग्रॅम, तर 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे 41 ग्रॅम अल्कोहोल असते. म्हणजे ‘नुसती बिअर’ म्हणून संपवलेली ती बाटली दोन मोठ्या पेगांच्या तोडीची ठरते. वाइनच्या मोठ्या ग्लासात 150 मिलिलिटर जेमतेम एक तृतीयांशापर्यंत येते, हे एकदा घरी मापून पाहिले की ‘एकच ग्लास’ या शब्दांवरचा विश्वास कमी होतो.

स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण पुरुषापेक्षा कमी असल्याने तेवढ्याच मात्रेत रक्तातील अल्कोहोल अधिक चढते. यकृत ते आधी जाळते आणि चरबी जाळण्याचे काम मागे ठेवते. त्यामुळे सोबतच्या चखण्यातले तेल साठत जाते, ते अल्कोहोलच्या ग्रॅममागे 7 कॅलरींखेरीज.

रोज एक ग्लास म्हणजे आठवड्याला सुमारे 105 ग्रॅम, आणि शनिवारी चार ग्लास म्हणजे 60 ग्रॅम. बेरजेवर गेल्यास शनिवारचा पर्याय सरस वाटतो, पण स्त्रीने दोनेक तासांत चार ड्रिंक घेणे ही अतिमद्यपानाचीच मर्यादा मानली जाते, आणि अशा रात्री रक्तदाब व ट्रायग्लिसराइड दोन्ही उसळी घेऊ शकतात. रोजच्या ग्लासात ही उसळी नसते, परंतु यकृताला सुट्टीही मिळत नाही. स्निग्ध यकृताच्या (फॅटी लिव्हरच्या) 2023 च्या नव्या वर्गीकरणात स्त्रियांसाठी आठवड्याला 140 ग्रॅमच्या पुढे मद्याचा वाटा स्वतंत्रपणे मोजला जातो, आणि सैल हाताने ओतलेला रोजचा ग्लास तिथवर सहज पोहोचतो.

‘थोड्या वाइनने मधुमेह टळतो’ या समजुतीला आधार अगदीच नाही असे नाही. 2015 मधील 38 निरीक्षणात्मक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात मध्यम मद्यपान करणाऱ्या स्त्रियांमध्ये टाइप 2 मधुमेहाचा धोका कमी दिसला. मात्र तो लाभ आशियाई नसलेल्या लोकसंख्येपुरताच मर्यादित असावा, असेही त्याच विश्लेषणात नोंदवले आहे. दुसऱ्या पारड्यात स्तनाचा कर्करोग आहे, आणि त्याचा धोका दिवसाला 10 ग्रॅम अल्कोहोलनेही वाढतो. त्यामुळे न पिणाऱ्या स्त्रीने साखरेसाठी म्हणून वाइन सुरू करण्यात मला काहीच शहाणपण दिसत नाही. जी आधीच घेते तिने ग्लास मापावा, आठवड्यातले निदान चार दिवस कोरडे ठेवावेत आणि राहिलेला कोटा शनिवारी एकदम वसूल करू नये.

ग्लायमेपिराइडसारखे साखर उतरवणारे औषध किंवा इन्सुलिन चालू असेल, तर मात्र हा हिशेब बाजूला ठेवून आधी डॉक्टरांशी बोलावे. अल्कोहोल यकृताला नवी साखर तयार करू देत नाही. रिकाम्या पोटी घेतल्यास मध्यरात्री साखर घसरते, घाम फुटतो, बोलणे अडखळते, आणि घरचे ‘जरा जास्त झालीय’ असे म्हणून तिला तशीच झोपू देतात.